पाच वाजताच्या कोपऱ्यावरची खाच

ताराबाईंनी घड्याळ हातात घेतलं, एका कोपऱ्यावर अंगठा ठेवला आणि तो तिथेच थांबला. मग त्यांनी उरलेले तीन कोपरे चाचपले. परत पहिल्यावर आल्या.

"हे त्यांचं नाय," त्या म्हणाल्या.

त्यांचा मुलगा निलेश शेजारीच उभा होता. तो हसला. "आय, तेच हाय. पॉलिश केलंय. सरप्राइज होतं तुला."

"मी रोज हातात घेते. हे त्यांचं नाय."

निलेशचं हसू गेलं. त्याने घड्याळ आईच्या हातातून घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं. मग माझ्याकडे बघितलं. "मॅडम, माझ्या बापाचं घड्याळ कुठंय?"

काउंटरवर आणखी दोन गिऱ्हाइकं होती. दोघंही वळून बघू लागली. आमचे शेठ केबिनमधून बाहेर आले आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, "ताई, हे तुम्हीच उघडलं होतं ना?"

या दुकानात मला एकोणीस वर्षं झाली. त्याआधी आठ वर्षं मी घड्याळाच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर होते. सत्तावीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

आमचं दुकान पनवेलमध्ये आहे. महागड्या घड्याळांची सर्व्हिस होते. सर्व्हिस म्हणजे घड्याळ पूर्ण खोलायचं, प्रत्येक भाग धुवायचा, तेल द्यायचं, जोडायचं आणि वेळ बरोबर दाखवतंय का ते मशीनवर तपासायचं. हे आतलं काम. बाहेरचं काम म्हणजे पॉलिश. लोकांना वाटतं, पॉलिश म्हणजे भांडं घासल्यासारखं, वरचा मळ जातो आणि चमक येते. तसं नसतं. चरा म्हणजे धातूतला खड्डा. खड्डा भरता येत नाही, म्हणून आजूबाजूचा धातू खड्ड्याइतका खाली आणायचा. पॉलिशमध्ये काही चढत नाही, उतरतंच. म्हणून आमच्या जॉब कार्डवर एक चौकोन असतो: पॉलिश, हो की नको. तो भरल्याशिवाय मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेत नाही.

निलेश तीन आठवड्यांपूर्वी घड्याळ घेऊन आला होता. जवळच्या विचुंबे गावचा मुलगा, पस्तिशीचा, बांधकामाचं सामान पुरवायचा व्यवसाय. घड्याळ वडिलांचं. त्यांनी ते जमिनीचे पैसे आले तेव्हा घेतलं आणि अकरा वर्षं वापरलं. गेल्या वर्षी ते गेले. आता वर्षश्राद्ध होतं.

"एकदम शोरूमसारखं पाहिजे," तो म्हणाला. "फोटोसमोर ठेवायचंय. एकही चरा दिसता कामा नये."

मी लूप लावून बघितलं. लूप म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग. काच ठीक होती. पट्ट्यावर बारीक चरे होते, ते सगळ्यांच्याच असतात. पण केसला, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या डब्याला, पट्टा अडकवायची जी चार शिंगं असतात, त्यातल्या पाच वाजताच्या कोपऱ्यावरच्या शिंगाला एक खोल खाच होती. लांबी दोन पूर्णांक चार मिलिमीटर. खोली शून्य पूर्णांक दोन. ती एका फटक्याची नव्हती. एकाच जागी पुन्हा पुन्हा काहीतरी लागलं की अशी होते, कडा आतल्या बाजूला दुमडत जातात. मी कार्डवर तसं लिहिलंही: "वारंवार आघात, एकच जागा." आणि पुढे गेले.

"ही खाच काढायची तर चारही शिंगं खाली आणावी लागतील," मी त्याला सांगितलं. "एकच घासलं तर घड्याळ वाकडं दिसेल. आकार बदलतो. धारा गोल होतात. उद्या विकायला काढलंत तर किंमतही कमी येते."

"विकायचं कोणाला आहे?"

"मग राहू दे ना खाच. फक्त पट्टा आणि बाकीची केस हलकी करते. खर्चही निम्मा."

"मॅडम, तुम्ही कारचा डेंट ठेवता का?"

शेठ मागून म्हणाले, "ताई, कस्टमर हो म्हणतोय, पैसे देतोय. तुम्ही त्याला नको म्हणायला लावताय."

मी आणखी एकदा सांगितलं. धातू किती जाईल, परत कसा येणार नाही, सगळं. निलेशने ऐकलं आणि 'हो'वर खूण करून सही केली. मी चौदा फोटो काढले. आतले नंबर लिहिले. आतलं मशीन काढून नुसती केस वजनकाट्यावर ठेवली: अठ्ठेचाळीस पूर्णांक बासष्ट ग्रॅम. हे वजन करायची पद्धत दुकानाची नाही, माझी आहे. हात किती चालला ते मला आकड्यात कळावं लागतं.

काम चांगलं झालं. वाईट झालं असतं तर आज सांगायला सोपं गेलं असतं. चारही शिंगं दशांशात सारखी आली, जिथे बारीक रेघांचं ब्रश फिनिश होतं तिथे ब्रश फिनिश, जिथे आरशासारखी चमक होती तिथे तशीच चमक. मी शेठना मुद्दाम दाखवलं होतं.

आणि आता ताराबाई म्हणत होत्या की हे त्यांचं नाही.

मी फाइल आणली. निलेशला काउंटरच्या आत घेतलं, त्याच्यासमोर घड्याळाची पाठ उघडली, लूप त्याच्या हातात दिला. "तुम्हीच वाचा नंबर."

त्याने एकेक आकडा मोठ्याने वाचला. मी कार्डावरचा आकडा म्हणत गेले. मग मशीनचा नंबर. मग त्याच्याकडचं वॉरंटी कार्ड. तिन्ही जुळले. त्याने लूप खाली ठेवला.

"सॉरी मॅडम. आय, आपलंच हाय. नंबर मी सोता वाचला."

"नंबर तू वाच," ताराबाई म्हणाल्या. "मना नंबर कुठं दिसतोय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. काउंटरवर त्या माझ्या आवाजाच्या दिशेने बघत होत्या, माझ्याकडे नाही. साखरेने त्यांची नजर गेली होती. उजेड आणि सावली, एवढंच कळायचं. वर्षभर त्या हे घड्याळ रोज संध्याकाळी हातात घेऊन बसायच्या, आणि त्यांची ओळख त्या एका खाचेवर होती. निलेशने ते कपाटातून न सांगता काढलं होतं. सरप्राइज होतं ना! घरात तीन आठवडे शोधाशोध चालू होती. काल त्याने सांगून टाकलं आणि आज आईला घेऊन आला.

"ठेवा तुमच्यापाशीच," त्या म्हणाल्या आणि मुलाचा हात धरून निघाल्या. घड्याळ काउंटरवर राहिलं. डोळ्यांनी दिसणारं कोणी असतं तर मी समजावलं असतं. त्यांना काय समजावणार? माझ्याकडे चौदा फोटो होते, आणि एकही त्यांच्या उपयोगाचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळेला निलेश एकटा आला. रात्री झोपला नसावा.

"मॅडम, ती खाच परत पाडा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"तुमच्याकडे फोटो आहेत. मापं आहेत. तशीच पाडा. मी सांगतो, दुकानातून जुनं घड्याळ सापडलं, चुकून बदललं होतं. तिला दिसत नाही. हाताला लागलं की झालं."

"म्हणजे आम्ही बदललं होतं असं सांगणार?"

"तुमचं नाव नाही घेणार. जेवत नाही ती, मॅडम. श्राद्ध चार दिवसांवर आलंय."

मी शेठकडे बघितलं. शेठ नाही म्हणतील अशी माझी खात्री होती. ते म्हणाले, "करा ना ताई. पाच मिनिटांचं काम. म्हातारीचं समाधान झालं, विषय संपला."

ज्या माणसाने काल मला चौघांसमोर चोर म्हणायचं तेवढं बाकी ठेवलं होतं, तो आज मला खोटं करायला सांगत होता, आणि दोन्ही वेळा आवाज तोच, गिऱ्हाईक सांभाळायचा.

मी एक चूक केली. मी नाही म्हटलं नाही. "बघते," म्हटलं. भंगारातली एक स्टीलची केस घेतली, बारीक कानस आणि ठोकून खूण पाडायचा पंच घेतला, आणि फोटो समोर ठेवून खाच पाडायला बसले. पहिली फार धारदार झाली. दुसरी उथळ झाली. तिसरी जमली. दोन पूर्णांक चार, शून्य पूर्णांक दोन, कडा आत दुमडलेल्या. डोळे मिटून अंगठा फिरवला. हुबेहूब. ती इतकी सहज जमली याचाच मला जास्त धक्का बसला.

पण मूळ केस हातात घेतल्यावर पंच खाली येईना. आधी एकदा मी सही करणाऱ्याला विचारून काम केलं होतं. आता दुसऱ्यांदाही त्यालाच विचारून करणार होते. मी निलेशला फोन केला. "मी पाडते खाच. पण आधी आईंना सांगणार. त्या हो म्हणाल्या तर त्यांच्यासमोर पाडते."

"सगळं बिघडवाल, मॅडम."

"बिघडवून झालंय माझं."

रविवारी मी घड्याळ, पंच आणि कानस पर्समध्ये घालून रिक्षाने विचुंब्याला गेले. नवा दुमजली बंगला, पण फाटक जुनं, लोखंडी, छातीइतकं उंच. बाहेर कडी नव्हती. निलेश आतून ओरडला, "वरून हात घाला मॅडम, कडी आतून हाय." मी डावा हात फाटकावरून आत घातला आणि कडी उचलली. माझ्या मनगटावरचं साधं घड्याळ लोखंडावर टक्क वाजलं.

ओटीवर ताराबाई बसल्या होत्या. तो आवाज ऐकून त्या अर्ध्या उठल्या. मग परत बसल्या.

"कोन हाय?"

मी फाटकापाशीच उभी राहिले. एकच जागा, वारंवार आघात. अकरा वर्षं रोज घरी येताना. मी ते माझ्या अक्षरात लिहिलं होतं आणि कशाने झालं ते विचारलं नव्हतं.

त्यांच्याशेजारी बसून मी सगळं सांगितलं. घड्याळ तेच आहे. खाच मी काढली. माझ्या हाताने. निलेशला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

"तू चोरलं नाय," त्या म्हणाल्या.

"नाही, मावशी."

"ते मना तवाच कललं. चोर येवरे नंबर वाचाया देत नाय." मग त्यांनी विचारलं, "किती गेलं त्यातलं?"

हा प्रश्न मला कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं. पण उत्तर माझ्याकडे होतं. "शून्य पूर्णांक सदतीस ग्रॅम."

"गुंजा सांग. सोन्यासारखं."

मी मनात भागाकार केला. "तीन गुंजा."

"तीन गुंजा," त्यांनी बोटावर मोजल्यासारखं केलं.

"मावशी, मी तशीच खाच परत पाडू शकते. सामान आणलंय. तुमच्यासमोर. हाताला फरक कळणार नाही."

निलेश पुढे झाला. "हां आय, करू दे ना त्यांना."

"ती ह्या बाईची खाच होईल," ताराबाई म्हणाल्या. "तुज्या बापाची कशी होईल?"

मी घड्याळ त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते चाचपलं नाही. नुसतं तोललं, सोनाराच्या दुकानात तोलतात तसं, आणि माझ्याकडे परत केलं.

"तीन गुंजा तेवरंच माजं व्हतं, पोरी. बाकीचं पोराला दे."

निलेशने हात पुढे केला नाही. मला ते त्याच्या तळहातावर ठेवून मूठ मिटवावी लागली. ताराबाईंनी मला चहा दिला, घावन दिलं, जेवूनच जा म्हणाल्या. मी चहा तेवढा घेतला. निघताना फाटकाची कडी मी उजव्या हाताने काढली.

त्यानंतर जॉब कार्डवर, पॉलिशच्या चौकोनाच्या वर, मी एक ओळ वाढवली आहे. घरात हे घड्याळ आणखी कोण हाताळतं? शेठना ती ओळ आवडत नाही. काही गिऱ्हाइकं हसतात, "मॅडम, घड्याळ आहे, बाळ नाही," म्हणतात. काही जण जरा थांबतात आणि तिथूनच घरी फोन लावतात. फोन लावल्यावर बरेचदा 'हो'चं 'नको' होतं. शेठ म्हणतात, यामुळे पॉलिशचा धंदा कमी झाला.

झाला असेल. तेवढा एक आकडा मी काढलेला नाही.