उंदराच्या वाटची शेंगपोळी

उंदराला ओकता येत नाही. ही गोष्ट मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळली, तीही लेकीकडून. मी म्हणाले, "बरंय की मग, घर तरी घाण होत न्हाई." ती हसली नाही. म्हणाली, "आई, पोटात गेलं ते गेलं. चुकीचं गेलं तरी त्याला बाहेर टाकता येत न्हाई. म्हणून द्यायच्या आधी आपण बघायचं."

दसरा झाला आणि ती नांदेडहून लातूरला आमच्याकडं आली. एक बॅग आणि एक पिंजरा. पिंजऱ्यात दोन पांढरे उंदीर, लाल डोळ्यांचे. नांदेडला ती एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला होती. प्रयोग संपले की तिथले उंदीर मारून टाकतात म्हणे. हे दोन तिनं मागून घेतले होते. सासरच्यांना भांडायला ते एक निमित्त मिळालं. पण भांडणाचं मूळ उंदीर नव्हते, एवढं मलाही कळत होतं. तिच्या दंडावरचे काळेनिळे डाग काही उंदरानं केलेले नव्हते.

ते डाग मी डोळ्यांनी बघितले आणि तरी तिला काय म्हणाले? "अजून एकदा जाऊन बघ. सहा महिने काढ. संसार असा उठून मोडत नसतो, बाई." लिहिताना लाज वाटते, पण म्हणाले ते म्हणाले.

मी मुळात आग्रहाची बाई. माझं माहेर जळकोटकडचं. तिकडं पंगतीत पाहुण्यानं ताटावर आडवा हात धरला की त्या हातावर पोळी टाकायची. नको म्हणणाऱ्याला एक आणि लाजणाऱ्याला दोन, असं माझी आई म्हणायची. नको हे नुसतं म्हणायचं असतं, ऐकायचं नसतं, हेच बघत आम्ही मोठ्या झालो. लेकीनं त्या स्थळाला तीन वेळा नको म्हटलं होतं. मी म्हटलं, पोरी आधी नकोच म्हणतात. मीही म्हटलं होतं. दिल्या घरी सुखी राहा, आणि दिली.

आल्यावर आठ दिवस ती माझ्याशी बोललीच नाही. ताटावर बसायची, दोन घास चिवडायची, उठायची. राग मी उंदरांवर काढायची. आमचे हे आडतीवर गोदाम सांभाळायचे, सारी हयात पोती उंदरांपासून राखण्यात गेली. ते म्हणायचे, "जिंदगीभर ज्याला इष घातलं त्याला आता बिस्कूट चारू व्हय?"

एक दिवस मात्र मलाच दया आली. कोठीतली मूठभर ज्वारी घेतली आणि पिंजऱ्यात टाकली. घरच्या रानातली, टपोरी. लेक आतून धावतच आली. "आई, ह्याला बोरिक पावडर लावलीय ना?" लावली होतीच की! किडे होऊ नयेत म्हणून कोण लावत नाही? आपण चाळून-धुऊनच घेतो. तिनं एकेक दाणा वेचून बाहेर काढला, आणि तेव्हाच ते ओकण्याचं सांगितलं. आठ दिवसांत माझ्याशी बोललेलं तिचं पहिलं लांब वाक्य.

मला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवसापासून मी रोज काहीतरी विचारायला लागले. पेरू चालंल का गं? चालंल, थोडा. फुटाणे? बिनमिठाचे. संत्र्याची साल? अजिबात नको, हे नर आहेत, त्यांच्या मूत्रपिंडाला बाधतं, आंबासुद्धा नको. कच्चे वाल? नको, शिजवून दिले तरच. बटाट्याला हिरवट डाग असला तर टाकून दे. मी बाजारात भोपळ्याची फोड निवडून निवडून घ्यायची. भाजीवाली म्हणाली, "मावशी, लेक आली का बाळंतपणाला?" काय सांगू तिला! खरं सांगते, उंदरानं काय खावं याच्याशी मला काही घेणं नव्हतं. मला लेकीचा आवाज ऐकायचा होता. आणि एक गंमत झाली. उकडलेला भोपळा ती उंदरांना द्यायची आणि त्यातलाच अर्धा उभ्या उभ्या स्वतः खायची. मी न बघितल्यासारखं करायची. हळूहळू भाकरीही खायला लागली. थोरला उंदीर माझ्या हातावर येऊन ज्वारीची लाही न्यायचा, दोन्ही पंजात धरून खायचा. धाकटा जरा भित्रा. आम्ही दोघी बसून बघायचो.

मग नांदेडची तारीख आली. दोन्हीकडच्यांना समोरासमोर बसवून एक बाई समजूत घालणार होत्या. ती तारीख नेमकी येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या दिवशी. लेक आदल्या दिवशी निघाली. निघण्याआधी तिनं एक कागद लिहून फ्रीजला लावला, काय द्यायचं, काय नाही. भाजलेला शेंगदाणा, अर्धाच. चिकट, घट्ट काही नको, घशात बसतं. आणि सगळ्यात खाली, "तोंड फिरवलं की थांबायचं." मी वाचून हसले. म्हटलं, काय तरी लाड! बसस्टँडवर तिला म्हणाले, "हो म्हणून ये बाई. माझ्यासाठी तरी." तिनं बसच्या खिडकीतून तोंड आत वळवलं.

येळवशीला लातुरात चिटपाखरू नसतं. सगळा गाव रानात. उंदरांना घरी एकटं कसं ठेवायचं, आणि ठेवायला शेजारी तरी कोण होतं? पिंजरा जीपमध्ये घातला आणि औशाजवळच्या आमच्या रानात नेला. काय हसले सगळे! जाऊबाई म्हणाल्या, "अगं माय, लोक रानातले उंदीर हाकलतेत, हिनं घरचे आणले." पूजा झाली, आंबील शिंपडून झाली, पंगत बसली. भज्जी, उंडे, खीर, शेंगपोळी. येळवशीला कुणी उपाशी राहायचं नाही, वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतात. मग माझ्या पिंजऱ्यातले दोघं काय पाप करून आले होते?

लाह्या मी बरोबर आणल्या होत्या, त्या दिल्या. पण जाऊबाई म्हणाल्या, "सणाच्या दिशी लाह्या? शेंगपोळी द्या की त्याला." मी हिशेब केला, शेंगदाणा कागदात आहे, गूळ काय, चिमूटभर. शेंगपोळी म्हणजे दुसरं काय असतं? पोळी फोडली आणि आतलं गूळ-शेंगाचं सारण बोटभर घेऊन थोरल्यापुढं धरलं. त्यानं हुंगलं आणि तोंड फिरवलं. सगळे हसले. "जेवत न्हाई व्हय तुमचा पाहुणा?" मी परत धरलं. त्यानं परत तोंड फिरवलं. मला वाटलं, एवढी माणसं बघून लाजतोय. मी डाव्या हातानं त्याला धरलं आणि उजव्या बोटानं सारण त्याच्या ओठाला लावलं. "घे की रे, एवढा एक घास." त्यानं घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

थोड्या वेळानं बघते तर तो मान पुढं ताणून राहिला. पंजानं तोंड ओरबाडत होता, तोंडातून लाळ, फेस. लेकराला ठसका लागल्यावर करतात तसं मी पाठीवर थोपटलं. वर पाणी पाजलं, ते तर आणखीच वाईट केलं, हे नंतर कळलं. जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला, तोही आपल्या रानात जेवायला बसलेला. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, "काकू, पाणी पाजू नका. तोंडात दिसतंय तेवढं काढा, निवांत धरा. मी निघतोय." पण तोंडात दिसत काहीच नव्हतं, जे होतं ते आत. बाहेर टाकायची सोय देवानं त्याला दिलेली नाही. डॉक्टर यायच्या आधीच तो माझ्या पदरात गेला. अजून ऊन होता. लोक उठले आणि आपापली भांडी गोळा करायला लागले.

बांधाजवळ खड्डा करून आम्ही त्याला पुरलं. घरी येताना हे म्हणाले, "म्हातारा झाला होता, मेला म्हण. उंदीर जगतोय तरी किती? कशाला पोरीच्या जिवाला घोर?" खोटं कशाला बोलू, मीही रस्ताभर तेच जुळवत होते. पिंजऱ्यात धाकटा सगळ्या कोपऱ्यांतून थोरल्याला हुडकत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक आली. चप्पल काढायच्या आधी पिंजऱ्याकडं गेली.

"थोरला कुठंय?"

"मी मारला," म्हणाले. मग सगळं सांगितलं, रान, पंगत, सारण, पाणी, सगळं.

तिनं एकच विचारलं. "त्यानं तोंड फिरवलं होतं का?"

नाही म्हणणं किती सोपं होतं! बघायला ती थोडीच आली होती. "हाव," म्हणाले, "दोनदा."

"मग?"

"मग मी बळंच दिलं. मला वाटलं, लाजतोय."

ती खाली फरशीवर बसली. रडली नाही. धाकट्याला हातावर घेत म्हणाली, "मी हो म्हणून आले, आई. एक तारखेला न्यायला येणार हायत."

तीन वेळा नको म्हणालेली माझी लेक, दंडावरचे डाग, आणि मी बसस्टँडवर उभी राहून म्हणतेय हो म्हण. मी काय करून बसले होते हे मला त्या क्षणी कळलं. त्यासाठी एक मुका जीव जावा लागला, माझ्यासारखी करंटी मीच.

"जाऊ नको," म्हणाले. "अजिबात जाऊ नको."

तिनं वर बघितलं. "आत्ता म्हणतेस?"



एक तारखेच्या आधी मीच तिच्याबरोबर नांदेडला गेले. त्या समजूत घालणाऱ्या बाईंसमोर, तिच्या सासू-सासऱ्यांसमोर, नवऱ्यासमोर बसले. सासू म्हणाली, "फोनवर तुम्हीच म्हणला होता की सहा महिने." मी म्हणाले, "म्हणले होते. चुकले. माझ्या लेकीनं तुमच्या घराला पहिल्या दिवशीच नको म्हटलं होतं, मीच ऐकलं न्हाई. आता ऐकते." लेक बाजूला बसून जमिनीकडं बघत होती. ती सुटली. कागदपत्रं अजून चालू आहेत, पण त्या घरात तिला जावं लागलं नाही.

मला वाटलं होतं, आता ती माझ्याजवळ राहील. तिनं नांदेडलाच एक खोली घेतली, जुन्या कामावर परत गेली आणि धाकट्याला घेऊन गेली. उंदराला एकटं करमत नाही, तिनंच सांगितलं होतं. त्याला लाही दिली तर तो ती कोपऱ्यात नेऊन ठेवायचा, खायचा नाही. महिनाभर कसाबसा जगला. तो गेल्याचं तिनं मला फोनवर सांगितलं, चार शब्दांत, आणि फोन ठेवला. मला ती कधी बोलली नाही, टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

मी पंधरा दिवसांनी एकदा तिच्याकडं जाते. जाताना डबा नेते, भाकरी, शेंगाची चटणी, तिच्या आवडीची वांगी. ती म्हणते, "ठेव तिथं. भूक लागली की खाईन." मी ठेवते. जीभ सारखी वळवळते, खा गं, एवढा एक घास. हात मांडीवर धरून बसते. ती कामाचं काही सांगते, मी ऐकते. मग निघायची वेळ होते.

मागच्या खेपेला ती दारापर्यंत आली. दाराला हात टेकून म्हणाली, "आई, पुढच्या वेळी डबा आणू नको."

किती शब्द ओठावर आले. अगं घरचं आहे, अगं तुझ्यासाठी पहाटे उठते, अगं माझ्याजवळ द्यायला दुसरं आहे काय? तिच्या तोंडाकडं बघितलं. ती लाजत नव्हती. तिला नको होतं.

"बरं," म्हणाले, आणि जिना उतरले. बसमध्ये बसल्यावर रडू आलं ते लोहा मागं पडलं तरी थांबलं नाही.