वास येतो का, हे विचारायला माणूस

दाढेत भरलेली चांदी निघाली म्हणून मी दातांच्या दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आधी हिरड्या बघू."

"हिरड्या दुखत नाहीत. ठणकते ती दाढ."

"हिरड्या बहुतेकदा दुखत नाहीतच, काका. म्हणून तर तपासायच्या."

रेघा आखलेली बारीक सळई मॅडम एकेका दाताच्या कडेनं हिरडीत घालत आकडे सांगत गेल्या आणि सहायक मुलगी लिहीत गेली. "तीन, दोन, तीन. पाच, सहा, सहा." मी कारखान्यात स्टोअरचा हिशेब बघतो, आकडे कशाचे, हे विचारल्याशिवाय राहवेना. दात आणि हिरडीमधली फट किती मिलिमीटर खोल आहे, त्याचे. तीनपर्यंत ठीक. डाव्या बाजूला सगळे आकडे तीनच्या वर निघाले. तिकडून रक्त येतं म्हणून मी त्या बाजूला ब्रश लावणंच सोडलं होतं. उष्णता समजून रोज सब्जा पीत होतो.

"आतपर्यंत सफाई करावी लागेल."

सफाईनं दात हलायला लागतात, असं आमच्याकडं सगळेच म्हणतात. मी म्हणालो, "बघू पुढं."

मॅडमनी आवाज खाली घेतला. "काका, तोंडाला वास येतोय. घरी कुणी सांगितलं नाही?"

घरी कुणी नाही. मुलीच्या बाळंतपणासाठी बायको पुण्याला गेली, मग मुलीची नोकरी पुन्हा सुरू झाली, आणि बायको तिकडंच राहिली. नातू आता पळतो. आमचं बोलणं रोज होतं, व्हिडिओवर. त्या संध्याकाळी तिलाच विचारलं.

"अहो, फोनमधून वास येतो व्हय?" ती हसली. "मी निघाले तेव्हा तरी नव्हता येत. आला असता तर मी गप्प बसले असते का?" तेवढ्यात नातवानं काहीतरी पाडलं आणि फोन बंद झाला.

म्हणजे हे सगळं ती गेल्यानंतरचं. कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहते. डबा खाताना समोरचे लवकर उठतात. वय झालं की असंच होतं, असं मी धरून चाललो होतो. आता मॅडमचं म्हणणं पडताळून बघायचं तर नाक जवळ आणील असं माणूस पाहिजे होतं, आणि तेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कामावरून पडेगावला घरी परतलो तेव्हा शेजारचे टेलर चाचा फाटकाशी उभे होते. मी सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो.

"चाचा, खरं सांगा. माझ्या तोंडाला वास येतो का?"

"अजी, कैसी बातां करते भाऊ! बिलकुल नै," चाचा म्हणाले, आणि म्हणता म्हणता मागं सरकले. ते त्यांच्याच लक्षात आलं असावं. मला वाईट वाटू नये म्हणून ते पुन्हा पुढं आले आणि श्वास रोखून, हसऱ्या चेहऱ्यानं उभे राहिले.

त्यांना फार वेळ तसं राहावं लागू नये, म्हणून मी लगेच घरात गेलो. कुलूप काढलं, दिवा लावला, आणि सफाईची वेळ घ्यायला दवाखान्यात फोन लावला.