मातीचे बूट

अख्ख्या वऱ्हाडात फुटबॉल शिकवायचा ज्याला काडीचाही अधिकार नव्हता असा एकच माणूस होता, आणि तो नेमका माझा धाकटा मामा निघाला. जन्मात त्याने चेंडूला पाय लावला नव्हता. अमरावतीच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, तो कापसाची प्रत ठरवायचा. गाडीतून चिमूटभर कापूस उपटायचा, दोन्ही हातांनी ओढून धागा किती लांब निघतो ते डोळ्यांजवळ धरून बघायचा आणि भाव सांगायचा. आमचा संघही त्याने तसाच निवडला. पोरगं समोर आलं की त्याची पोटरी चिमटीत धरून ओढायची. माझी ओढून म्हणाला, "धागा आखूड हाय, पण चिवट हाय. तू गोलात उभा राय." मी शाळेत सगळ्यांत बुटका, पण मामापुढे बोलायची कोणाची टाप होती? झालो गोलकीपर.

पावसाळ्यात जिन बंद, म्हणून तिथलं भलंमोठं आवार आम्हाला खेळायला मिळायचं. माती काळी. भिजली की पायाला थरावर थर चढतात आणि घटकाभरात प्रत्येकाच्या पायात शेर-शेरभराचे मातीचे बूट तयार होतात. आम्ही काडी घेऊन ते खरवडायला बसलो की छत्रीखालून मामाचा आवाज यायचा, "काहून रे, माती काढून राहिला? राहू दे. दिवाळीले जमीन वाळली का तुमी उडसान." हे त्याचं शास्त्र होतं आणि त्यावर त्याचा देवापेक्षा जास्त विश्वास होता.

दिवाळी आली, जमीन वाळली, आणि आम्ही खरंच उडालो. म्हणजे गुडघे छातीला लागायला लागले आणि पाय चेंडूच्या वरून जायला लागला. चिखलातून पाय उपसायची सवयच तशी जडली होती. मामाने हनुवटी खाजवली आणि "अजून माती उतराची हाय" एवढंच म्हणाला.

तेवढ्यात कापसाचा हंगाम सुरू झाला आणि आवार गाड्यांनी भरलं. जिनाच्या सेठजींना तिथे केव्हाचं गोदाम बांधायचं होतं. ते मामाला म्हणाले, "पौषात तुमचा अकोल्याच्या पोरांशी सामना आहे ना? जिंकून या, आवार पोरांचं राहील. हरलात तर गोदाम उठलं समजा." त्या दिवसापासून मामाला त्याची आवडती अंबाडीची भाजीसुद्धा गोड लागेना. त्याने आम्हाला गाड्यांच्या रांगांमधूनच खेळवलं. बैलांच्या पायांतून चेंडू काढायचा, वर बसलेल्या गाडीवानांचे सल्ले ऐकायचे आणि त्यांच्या शिव्याही खायच्या. गुडघे हळूहळू खाली आले.

तरी अकोल्याचं मैदान दगडासारखं निघालं आणि मध्यंतरापर्यंतच मी दोन गोल खाल्ले. मामा कोपऱ्यात तोंड फिरवून, डोळे मिटून उभा होता. खेळ पुन्हा सुरू झाला आणि भर पौषात आभाळ फुटलं. बघता बघता मैदानाचा चिखल झाला. अकोल्याची पोरं काड्या शोधायला लागली. आमच्या पोरांना पायात काही चढलंय हे कळलंसुद्धा नाही. आम्ही लागोपाठ तीन गोल केले आणि जिंकलो.

मी धावत मामाकडे गेलो. छत्री मिटलेली, मामा चिंब, नजर अमरावतीकडे.

"मामा, जिंकलो आपण."

"हो रे. आवार राह्यलं तुमचं." मग खालच्या आवाजात म्हणाला, "पण तिथं लोकायचा कापूस उघडा पडून हाय. मंघाशी मीच देवाले म्हटलं होतं, एक सर पाड म्हणून. कापसाचं ध्यानातच नाही राह्यलं मले."

बडनेरा स्टेशन येईपर्यंत तो आगगाडीच्या खिडकीतून आभाळच बघत राहिला. आवारात पोचलो तर ढिगांचे वरचे थर भिजलेले होते. जिंकलेल्या संघाने हारतुरे घ्यायचे सोडून ताडपत्र्या अंथरल्या आणि ऊन निघालं तसा गाडीवानांच्या बरोबरीने ओला कापूस पसरला. सेठजी येऊन बराच वेळ बघत उभे राहिले आणि गोदामाचा विषय न काढता निघून गेले. संध्याकाळी मामाने चिमूटभर कापूस घेऊन ओढला. "टिकला धागा," म्हणाला, आणि तिथेच खाली बसून रडला. मला तो तेव्हा फार फार आवडला.

मामा जाऊन आता काही वर्षं झाली. पावसाळ्यात त्या आवारात नवी पोरं खेळतात आणि त्यांना मी शिकवतो. अधिकार मलाही नाही. थंडीत आभाळ भरून आलं, तर संघ कितीही मागे असो, मी देवाकडे काही मागत नाही. मात्र आषाढात एखादा काडी घेऊन पाय खरवडायला बसला की मी छत्रीखालून म्हणतो, "राहू दे रे, दिवाळीले उडसान." पोरं हसतात आणि काडी टाकून पळत सुटतात.