आईची रोमानियन मैत्रीण

दुबईजवळच्या अजमानमधल्या आमच्या इमारतीत या देशाचं कुणीच राहत नाही. मालक इथला आहे, पण तो आम्ही कधी पाहिलेला नाही. वर इजिप्तचं कुटुंब, खाली मलयाळी, आणि समोरच्या दारात तेव्हा रोमानियाची एक नर्स राहायची.

आई गुहागरजवळच्या आमच्या गावाहून पहिल्यांदाच आली होती. मी दिवसभर दुबईत देराच्या ऑफिसात, नवरा तिकडे अबुधाबीजवळ मुसफ्फाच्या वर्कशॉपात, तो सुट्टीलाच घरी यायचा. पहिला आठवडा आईने खिडकीत बसून काढला. इथे सगळं आहे, फक्त बोलायला माणूस नाही, असं ती म्हणाली. मला अपराध्यासारखं वाटलं.

मग त्या नर्सचीही आई आली. डोक्याला फुलांचा रुमाल बांधलेली, गोरीपान, ठेंगणी बाई. तिला रोमानियनशिवाय काही येत नव्हतं आणि आमच्या आईला मराठीशिवाय. दोघींची भेट लिफ्टपाशी झाली. त्या बाईने आईच्या साडीचा काठ बोटांत धरून पाहिला, आईने तिच्या रुमालाची फुलं पाहिली, आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा आमच्याकडे होऊ लागला. दोघी आपापल्या भाषेत बोलत. काय समजायचं ते त्यांनाच ठाऊक.

एका दुपारी मी घरी फोन केला तर कुणी उचलेना. तेवढ्यात नर्सचाच फोन आला; तिची आईही घरात नव्हती. मी मॅनेजरला सांगून निघाले. अजमानपर्यंतच्या ट्रॅफिकमध्ये डोक्यात नको ते येत राहिलं. इमारतीच्या पठाण वॉचमनने मात्र शांतपणे सांगितलं, की दोघी एकमेकींचा हात धरून समुद्राकडे गेल्यात.

दोघी मासळी बाजारात सापडल्या. आई सुरमईचे कल्ले उघडून बघत बंगाली विक्रेत्याशी मराठीत हुज्जत घालत होती आणि रोमानियन आजी पिशवी उघडून शेजारी उभी होती. मी रागवायच्या तयारीत होते. आईने मला बोलूच दिलं नाही.

"हिला समुद्राचे मासे कळत नाहीत गं. एकटी आली असती तर फसवलं असतं हिला."

नर्सही तिथे पोचली. तिने आपल्या आईला काहीतरी खडसावून विचारलं, आजीने आमच्या आईकडे बोट दाखवलं, आणि आम्ही चौघी हसायलाच लागलो.

संध्याकाळी स्वयंपाक आमच्या किचनमध्ये झाला. आईने सुरमई तळली. आजीने मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात घालून घोटघोट घोटलं आणि पिवळाधमक गोळा ताटात उलटा केला. आई चव घेऊन म्हणाली, ही तर आपली उकडच, फक्त मक्याची.

जेवताना नर्स इंग्रजीत सांगायची आणि मी मराठीत. आईने मुलांची चौकशी केली. आजीचा एक मुलगा इटलीत बांधकामावर होता, एक मुलगी स्पेनमध्ये म्हाताऱ्यांची सेवा करायची आणि ही इथे. आई चकित झाली. गोरे लोक फिरायला परदेशात जातात, पोटासाठी आपणच घर सोडतो, अशी तिची समजूत होती.

"मग हिच्या गावात राहतं कोण?" तिने मला विचारलं.

आजीने लांबलचक उत्तर दिलं. तरुण माणसं निघून गेली, त्यामुळे नवी घरं बांधायला नेपाळची माणसं आली आहेत. त्यांच्यातला एक शेजारी राहतो आणि हिवाळ्यात आजीच्या दारातला बर्फ काढून देतो.

आईने घास खाली ठेवला. "अगं, आपल्या आंब्याच्या बागेतसुद्धा नेपाळीच आहे ना राखणीला. सांग तिला."

मी सांगितलं, नर्सने पुढे पोचवलं. आजीला ते पटेना, म्हणून तिने पुन्हा विचारून घेतलं. खात्री झाल्यावर ती पोट धरून हसली, आणि तिला बघून आई डोळे पुसेपर्यंत हसली. एवढं हसताना मी आईला बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

व्हिसा संपला, दोघी आपापल्या गावी गेल्या. आता त्या व्हिडिओ कॉल करतात. एकदा त्यांनी आपापल्या नेपाळ्यांना फोनसमोर बसवलं. ते दोघे इतका वेळ गप्पा मारत बसले की आईला फोन मागून घ्यावा लागला. म्हणाली, दोघांची गावं एकाच नदीच्या काठची निघाली.

नर्सला जर्मनीत काम मिळालं आणि समोरचं घर रिकामं झालं. मला फार सुनंसुनं वाटलं. गेल्या महिन्यात तिथे एक सुदानी कुटुंब आलं, त्यांच्या घरात कॉफीचा सुंदर वास असतो. आई डिसेंबरात पुन्हा येते आहे. तिकीट काढल्याचं कळवलं तेव्हा तिने समोर कोण आलंय ते आधी विचारलं, आणि त्या घरात तिच्या वयाची कुणी बाई आहे का, तेही.