गाभ्याला जागा

पन्नाशी उलटली तरी ती खुर्चीत सलग दहा मिनिटं टिकेल तर शपथ. म्हणून ऑफिसात तिचं नाव भिंगरी.

डायलिसिसची मशीनं बनवणाऱ्या कारखान्यात ती आतली ऑपरेटिंग सिस्टीम सांभाळायची. जुनी चिप बाजारातून गेली, तेव्हा तीच सिस्टीम नव्या बोर्डावर चालवायचं काम तिने मागून घेतलं. तिचा दादा आठवड्यातून तीनदा तसल्याच एका जुन्या मशीनला जोडलेला असायचा.

नव्या बोर्डाची मेमरी भलत्याच पत्त्यापासून सुरू होत होती. तिने सगळे पत्ते बदलले. बटण दाबलं की लोडर नावाचा छोटा प्रोग्राम आधी उठायचा, कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा मेमरीत ठेवायला घ्यायचा, आणि तिथेच मिठाची गुळणी. पडदा काळा. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दुपारी दादाचा फोन आला.

"आज मशीन दोनदा थांबलं गं."

"तुला त्रास झाला?"

"मला कसला? तू जेवलीस का?"

ती जेवली नव्हती. जिना दोनदा चढून उतरली, परत आली, आणि हात स्वस्थ बसेनात म्हणून कर्नलमधला नेटवर्कचा भाग काढून टाकला. बटण दाबलं. पडद्यावर भराभर ओळी धावल्या. भाग परत घातला, पुन्हा सामसूम.

बोर्ड बनवणारे काका चहा घेऊन आले, तर ती कागदावर मेमरीचे चौकोन आखत होती.

"काका, कर्नल लांब झाला की त्याचं शेपूट लोडरवरच चढतंय. हा शहाणा लोडर बसलाय तीच फांदी तोडतोय."

"मग उठव की त्याला तिथून."

तिने तेच केलं. लोडरने आधी आपलं बिऱ्हाड मेमरीच्या वरच्या टोकाला हलवायचं, मग खाली कर्नल मांडायचा. पाचच्या सुमाराला पूर्ण कर्नल उभा राहिला. काकांचा चहा केव्हाच निवला होता.

तिने दादाला कळवलं.

"मग मला कधी मिळणार?"

"चाचण्या, मंजुऱ्या... दीड वर्ष तरी."

"बघू. मी कुठे पळून चाललोय."

फोन ठेवला आणि तिने त्याच पावली मशीनच्या पंपाचं काम काढलं. आनंद करायला तिला सवडच झाली नाही.

एकोणीस महिन्यांनी नवी मशीनं इस्पितळात आली. दादाला खिडकीजवळचं मिळालं. तो चार तास त्या मशीनकडे संशयाने बघत राहिला आणि घरी येऊन म्हणाला, "आवाजच करत नाही. झोप कशी लागायची?"