काम करून राहिलो होतो

माझे बाबा छत्तीसगढात, दुर्गजवळच्या रसमड्याला लाकूड कापायच्या एका आरा मशीनवर मिस्त्री होते. मशीन गोंड समाजाच्या सोसायटीचं. एका सकाळी लाकडाचा ओंडका घरंगळत आला आणि बाबांचा पाय प्लॅस्टरमध्ये गेला. दुर्गच्या लेबर ऑफिसात भरपाईचा अर्ज केला, तर सोसायटीच्या वकिलानं कळवलं की हा समाज आपले तंटे आपल्या पंचायतीत मिटवतो, सरकारी ऑफिसचा इथं अधिकार नाही.

"कावून? माझा पाय का पंचायतीत मोडला?" बाबा खाटेवरून गरजले. आई आणि मी हसून हसून बेजार.

दुर्गच्या सुनावणीला मीच त्यांना धरून नेलं. मी एकोणीस वर्षांची, आणि नको तिथं हसू फुटायची मला खोडच होती. लेबर ऑफिसच्या साहेबांनी वकिलाचा मुद्दा दोन मिनिटांत उडवला: माणूस कामावर ठेवला की कायदा सगळ्यांना सारखा. मला तिथंच नाचावंसं वाटलं. मग त्यांनी बाबांना विचारलं, ओंडका आला तेव्हा काय करत होता? कामावर असताना लागलं असेल तरच भरपाई, म्हणजे सगळं या उत्तरावर होतं.

बाबांनी छाती काढून सांगितलं, "साहब, मैं काम करके रहा था."

आम्ही घरी 'काम करून राहिलो होतो' म्हणतो, म्हणजे काम चालू होतं. साहेबांना कळलं ते असं, की काम उरकून हा माणूस नुसताच तिथं थांबला होता.

"यानी काम हो चुका था?"

"चुका? मेरी कोई चूक नहीं थी!" बाबा कडाडले.

वकील आनंदानं उभाच राहिला. मी ओढणी तोंडात कोंबली. केस हातची चालली होती आणि मी खिदळत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून सोसायटीचे म्हातारे मुखिया उठले. वकिलानं त्यांचा सदरा ओढला, त्यांनी हात झटकला.

"बुता करत रिहिस, साहेब," ते छत्तीसगढीत म्हणाले. काम करत होता. "मैं उहें ठाढ़े रहेंव." मी तिथंच उभा होतो.

साहेबांनी लिहून घेतलं. वकिलानं कपाळाला हात लावला.

बाहेर आल्यावर बाबांनी मुखियांचे दोन्ही हात धरले. मुखिया जरा रागातच बोलले, "हमर पंचायत म काबर नइ आएव? उहाँ पहिली मोला पूछतिन." आमच्या पंचायतीत का नाही आलात, तिथं आधी मलाच विचारलं असतं.

पंचायतीचं नाव ऐकूनच आम्ही चिडलो होतो, आणि या माणसाला एकदाही विचारलं नव्हतं, तुम्ही काय पाहिलंत.