वाघासमोर भेलेली आई

चंद्रपुरात आम्हा चौघांचा पॉवर मेटल वाजवणारा बँड होता. सुसाट ड्रम, वरच्या पट्टीतला आवाज आणि गाण्यात हमखास एखादा शूर योद्धा, असं ते संगीत. युरोपातल्या बँडची गाणी आम्ही हुबेहूब वाजवायचो. स्वतःचं पहिलं गाणं केलं, त्यातही बर्फ, किल्ला आणि ड्रॅगनच आले. ते ऐकून एका मित्राने सहज विचारलं, "हे कोणाचं गाणं होय?" 

मग आमच्या ड्रमरने तिच्या आईची गोष्ट काढली. सिंदेवाहीकडच्या जंगलात तेंदूपत्ता तोडताना आईसमोर वाघ आला होता, आणि तिने हातातली काठी आपटत, ओरडून त्याला हाकललं होतं. त्यावर आम्ही आमच्या बोलीत गाणं रचलं. चाल मात्र जुन्या सवयीचीच राहिली.

एकदा ड्रमरची आई तालमीला आली. खुर्चीत बसून तिने सगळं गाणं ऐकलं आणि म्हणाली, "चांगलं हाये. पण मी तं लय भेली होती. पाय कापत होते माहे. थे काऊन नाई गाण्यात?"

आम्ही ऐकलेल्या कुठल्याच गाण्यात योद्धा घाबरत नव्हता. त्यामुळे तिच्या भीतीचं कडवं रचायला घेतलं, तर नक्कल करायला काही सापडेना. ड्रमरने ठेका संथ केला, गायकाने आवाज खाली आणला. दुपारभर आम्ही त्या चार ओळी घेऊन बसलो. ती चाल कोणासारखी आहे, हे मला अजूनही सांगता येत नाही.